मधलं अंडं

तार्तू शहरात जानेवारीची सकाळ नऊला येते,
तीही उसनी मागून आणल्यासारखी.
विर्वे त्याआधीच तळघरात उतरलेली असते.
टाक्यांतल्या बेडकांना चिरलेलं काळीज,
रेडिओवर नदीच्या बर्फाची जाडी:
आठ सेंटिमीटर. चालू नका.

तावेत नवा आहे. काल त्याने शंभर अंडी
दहा वाट्यांत वाटली, हार्मोन पाजलं,
प्रत्येक वाटीला मागचीपेक्षा किंचित जास्त.
मग वाटीतली सगळी एकत्र चिरडली
आणि आलेख काढला:
एक सौम्य चढ,
सायकलवरून न उतरता चढता येईल असा.
थेंबे थेंबे तळे साचे, असं काहीतरी
त्याच्याही भाषेत असणार. तसाच खूश होता.

विर्वेने चष्मा कपाळावर सरकवला.
तेवीस वर्षं तिने ही अंडी मोजली आहेत,
काळ्या टोपीची, पिवळट पोटाची, मोहरीएवढी.
पिकलं की टोपीवर पांढरा ठिपका उमटतो.
"पाचव्या वाटीत ठिपके किती होते?"
"पाच."
"आणि अर्धे ठिपके?"
तो वहीत बघत राहिला.
"अर्धं पिकलेलं अंडं मी अजून पाहिलं नाही.
सापडलं तर उठव मला. झोपले असले तरी."

मग दोघं बसली. एक अंडं, एक नळी.
एक अंडं, एक नळी. कॉफी गार झाली.
जेलवर पट्टी एकतर खाली, नाहीतर वर.
मधल्या जागेत कुणी उभंच नव्हतं.
चढ नव्हता तर.
होते नुसते नकार आणि होकार;
सरासरीने त्यांना एकत्र वाटून घेतलं,
आणि लांबून बघणाऱ्याला
हळूहळू वाटलं.

आत चालतं ते असं:
पहिलं प्रोटीन दुसऱ्याला डिवचतं, दुसरं तिसऱ्याला.
तिसऱ्याला एका फॉस्फेटने जाग येत नाही, दोन लागतात,
आणि पुसणारे हात सतत पुसत असतात,
लावलं की पूस, लावलं की पूस.
बराच वेळ काही घडत नाही.
हे काही न घडणं फार कष्टाचं असतं.
मग कधीतरी तिसरं मागे वळतं
आणि पहिल्यालाच हाक मारतं.
हाकेने हाक वाढते,
पुसणारे कमी पडतात,
अंडं पालटतं.

चारला अंधार पडला.
विर्वेला उर्मास आठवला, तिचा मुलगा.
सहा वर्षं म्हणत होता, हेलसिंकीला जातो.
पगार थकला, म्हणाला. गाडीचा हप्ता चुकला, म्हणाला.
छत गळलं तेव्हाही म्हणाला.
ती बटाटे सोलत राहायची: बोलतोय नुसता.
एका मंगळवारी घरातलं मीठ संपलं.
मीठ आणायला गेला तो
बोटीचं तिकीट घेऊन आला.
मिठापायी कुणी देश सोडतं का?

संध्याकाळी तावेतने हार्मोन धुऊन काढलं,
एकदा, दोनदा, ताज्या पाण्यात पाच वेळा.
ज्यांना ठिपका नव्हता ती तशीच राहिली, काळीभोर.
ज्यांना होता, त्यांचा गेला नाही.
"पण आता तर काहीच उरलं नाही पाण्यात!"
"पाण्यात नाही," विर्वे म्हणाली.

उर्मासचा मालकही नंतर फोन करायचा.
थकलेलं सगळं देतो, वर वाढ देतो.
छतही तोवर दुरुस्त झालं होतं.

तिने वही ओढून घेतली, लिहिलं:
वाटी पाच. हो पाच, नाही पाच.
मधलं, आणि पुढे एक आडवी रेघ.
वाट्या विसळल्या, दिवे घालवले,
बेडकांना शुभरात्री म्हणाली, रोजच्यासारखी.

त्या मंगळवारी मीठ
शेवटी तिलाच आणावं लागलं होतं.